तांदळाच्या खोलीतली वही: २०२४-२५

२४ जून २०२४, सोमवार

खोली मिळाली. जिन्याखालची, पोषण आहाराचा तांदूळ ठेवतात ती. पोती एका भिंतीला, मी दुसऱ्या. खिडकी नाही. ट्यूब आहे, पण लावली की आधी दोन मिनिटं फडफडते. मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, सध्या भागवून घ्या, वरची खोली झाली की देतो." मागच्या शाळेतही वरची खोली होणारच होती.

मी विशेष शिक्षिका, वाचनात अडणाऱ्या मुलांसाठी. आठवड्यातले तीन दिवस माझे: सोम, बुध, शुक्र. साखर कारखान्याचं गाव, अनुदानित मराठी शाळा, पहिली ते चौथी. वर्गशिक्षिकांकडून तिसरी-चौथीची यादी मागवली, 'वाचनात मागे' अशांची. चौदा नावं आली. नावांपुढं शेरे: 'लक्ष नाही', 'घरी कोणी घेत नाही', 'मठ्ठ'. एकापुढं नुसतंच 'देवाला माहीत'.

१ जुलै

चौदा जणांना एकेक करून बसवलं. आधी डिस्लेक्सिया (बुद्धी ठीक असूनही वाचन अडणं) शोधायचा नसतो, दुसरं काय काय असू शकतं ते बाजूला काढायचं असतं. डोळे, कान, हजेरी, घरची भाषा. तिघांना फळ्यावरचं दिसत नाही. एकीचा कान वाहतो, आईला ठाऊक आहे, "पावसाळ्यात होतंच तिला." चार जण गेल्या वर्षी निम्मे दिवस शाळेतच नव्हते. दोघं जण घाबरट, माझ्यासमोर बसल्यावर गडगडा वाचली.

राहिले चार. त्यांच्यासाठी 'डाली' काढली. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली चाचणी आहे, हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही. इंग्रजी चाचणीचं घरगुती भाषांतर करून मुलांना बसवण्याचे दिवस मी पाहिले आहेत, त्यामुळं ही पेटी उघडताना दर वेळी बरं वाटतं.

३ जुलै

या वहीत मुलांची खरी नावं लिहायची नाहीत असं त्यांना सांगितलं आणि आपापलं नाव निवडायला लावलं. तिसरीतला एक म्हणाला "बुलेट" (वडिलांचं गॅरेज आहे). चौथीतली एक म्हणाली "मोगरा". तिसरा "पायलट". चौथ्या मुलीला काही सुचेना, तिनं तास संपता संपता "ढग" असं सांगितलं.

१५ जुलै

पहिली मोजणी. उतारा मी लिहिलेला, मुलांनी कधी न पाहिलेला: आठवडी बाजारात हरवलेली शेळी. एक मिनिट, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे.

बुलेट ११. पायलट १४. ढग ३१. मोगरा २२.

'निपुण' या केंद्र सरकारच्या वाचन-गणन मोहिमेचं तिसरीअखेरचं उद्दिष्ट मिनिटाला ६० शब्दांचं आहे. त्या मापानं सगळीच मागे. पण मोगराचा आकडा बघून तिच्या बाई माझ्यावरच नाराज झाल्या. "ती? ती तर वर्गात छान वाचते, यादीत मीच उगाच घातली." पाठ्यपुस्तकातला धडा दिला तर मोगरा मिनिटाला सत्तरच्या वर जाते. मी मधेच पान उलटलं. ती तशीच पुढं वाचत राहिली, मागच्या पानावरचं. सगळं पुस्तक पाठ आहे. मोठा भाऊ रात्री मोठ्यानं वाचतो, ही ऐकते.

२४ जुलै

पायलटलाही चष्मा लागला, पहिल्या दिवशी तो माझ्या नजरेतून सुटला होता. जिल्ह्याच्या शिबिरातून आणलाय, निळा. आज ३३ शब्द. यादीतून बाहेर. जाताना म्हणाला, "बाई, फळ्यावर तारीख पण असते होय!"

२ ऑगस्ट

अक्षरांच्या जोड्यांची कार्डं रंगवून झाली: भ-म, ध-घ, थ-य, ब-व, प-ष. रव्याच्या ताटात बोटानं गिरवणं, पाठीवर अक्षर काढून ओळखणं, सँडपेपरवरची अक्षरं. मुलांना मजा येते. बुलेटला रवा खायचा असतो.

३० ऑगस्ट, शुक्रवार

आज स्वतःवरच चिडले आहे, म्हणून नीट लिहून ठेवते.

दोन महिन्यांच्या सगळ्या वाचनाच्या नोंदी काढून तिघांच्या चुका एकत्र मोजल्या. एकूण २१२. त्यांत दिसायला सारख्या अक्षरांची गल्लत १९. एकोणीस! मी पाच आठवडे ज्याच्या मागे होते ते हे. वेलांटी, उकार, मात्रा इकडं-तिकडं होणं, गळणं: ११८. जोडाक्षरं आणि रफार: ५१. बाकीचं किरकोळ.

कार्डांचं खूळ आलं प्रशिक्षणातून. तिथं सगळी उदाहरणं इंग्रजी 'बी' आणि 'डी'ची. मुळात अमेरिकेतले डॉक्टर सॅम्युअल ऑर्टन यांनी १९२५ मध्ये वाचता न येणाऱ्या मुलांवर लिहिलं, तेव्हा अक्षरं उलटीपालटी होण्यावर त्यांचा भर होता. संशोधन तिथून केव्हाच पुढं सरकलं, दोष डोळ्यांत नसून आवाजांचे सुटे तुकडे पकडण्यात आहे यावर आलं. पण उलट्या अक्षरांचं चित्र इतकं पटकन समजतं की फायलींतून ते जात नाही. मीही तीच फाइल घेऊन आले होते.

आणि दुसरं म्हणजे चुका कमी झाल्या तरी वेळ कमी झालेला नाही. बुलेट आज चार ओळी बिनचूक वाचला, तीन मिनिटं दहा सेकंदांत. बाई दारातून बघत होत्या, म्हणाल्या, "आता येतंय की." मीही मान डोलावली. मराठीत हे असं फसायला होतं. इंग्रजी वाचणारं मूल शब्दच भलता वाचतं, कुणालाही कळतं. आपल्या लिपीत अक्षराला आवाज बऱ्यापैकी ठरलेला, त्यामुळं मूल एकेक अक्षर जुळवत शेवटी बरोबर शब्दापाशी पोचतं. चूक दिसत नाही. घड्याळ लावलं तरच दिसतं.

सोमवारपासून स्टॉपवॉच गळ्यात. कार्डं पोत्यामागे.

४ सप्टेंबर

आवाजांचे खेळ सुरू. "'परात' मधला 'प' काढला तर?" "रात." "'कमळ' मधला 'क'?" "मळ." अक्षर काढणं तिघांनाही जमतं. अक्षराच्या आतला आवाज काढायला सांगितला की गाडी अडते. 'पी' आणि 'पू' यांत सारखं काय, वेगळं काय, हे बुलेटला तोंडानं सांगता येत नाही.

"'मी' मधला 'म्' काढला तर काय राहतं?"

त्यानं बराच विचार केला. "बाई, मग मीच नाही राहत."

ढग इतकी हसली की पोत्यावरून घसरली.

९ सप्टेंबर

ही नोंद लांबेल. आज मी बुलेटच्या पेनाकडं बघत बसले, वहीकडं नाही.

त्याच्या वहीत 'पिशवी'चं नेहमी 'पशिवी' असतं. 'मिरची'चं 'मरिची'. बाईंनी लाल पेनानं गोल केलेले, बाजूला 'पाच वेळा लिहा'. त्यानं पाच वेळा 'पशिवी' लिहिलेलं आहे.

मी म्हटलं, हळू लिही, आणि लिहिताना मोठ्यानं बोल. त्यानं 'प्' म्हटलं, प काढला. पेन प च्या उजवीकडं आलं. मग 'इ' म्हटलं आणि पेन होतं तिथंच वेलांटी काढली. मग 'श' म्हणून वेलांटीच्या पुढं श. बोलण्याचा क्रम अगदी बरोबर: प्, इ, श. कागदावर मात्र ती वेलांटी श ला जाऊन बसली. कारण ऱ्हस्व वेलांटी बोलताना व्यंजनाच्या नंतर येते, लिहिताना त्याच्या आधी. सगळी लिपी डावीकडून उजवीकडं जाते, स्वरचिन्हांत ही एकटी मागे वळायला लावते. आपण शिकलो तेव्हा हात आपोआप वळायला लागला, म्हणून आठवत नाही. ज्या मुलाला प्रत्येक आवाज सुटा सुटा ओढून आणावा लागतो त्याचा हात वळत नाही.

हे कळल्यावर त्याची जुनी वही पुन्हा चाळली. 'शविण' (शिवण), 'वहिरि'च्या जवळचं काहीतरी (विहीर). एकही चूक आंधळी नाही.

उपाय साधा: 'पि', 'मि', 'शि' ही पूर्ण अक्षरं एकसंध कापलेली, व्यंजन आणि वेलांटी कधी सुटी करायचीच नाहीत. बोलायचं तेही 'प ला वेलांटी' असं नाही, थेट 'पि'. लिहिताना आधी बोटभर जागा सोडायची. तासाच्या शेवटी 'पिशवी' आली. त्यानं स्वतःच खाली बरोबरची खूण केली, माझ्या लाल पेनानं.

२० सप्टेंबर

गणपती संपले. ढग वाढतेय: ४४. तिच्यात मला आता डिस्लेक्सिया दिसत नाही. पहिली-दुसरीत पाया कच्चा राहिला होता, तो भरला की झालं. दिवाळीपर्यंत ठेवते.

४ ऑक्टोबर

काल केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. सकाळी परिपाठात टाळ्या, सरांचं भाषण. भाषणात ते वाक्य होतंच: "आपली मराठी जशी बोलतो तशीच लिहितो."

मला तिसरीच्या बाईंशी श्रुतलेखनावरून बोलायचंच होतं, ते आज जमलं. बुलेटला वीसपैकी चार. चुकलेल्यांत 'सर्बत', 'कर्तो', 'बस्ला'. मी म्हटलं, बाई, तुम्ही एकदा 'सरबत' म्हणून दाखवा. त्यांनी म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग हसायला लागल्या. आपण सगळे 'सर्बत'च म्हणतो. मधला 'र' पूर्ण लिहायचा पण अर्धा म्हणायचा, हे कुठल्या बाराखडीत शिकवलेलं नाही. तसंच 'च'चं. 'चार' मधला वेगळा, 'चारा' मधला वेगळा, अक्षर एकच. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, दोन्ही एकसारखं लिहायचं. ज्याचं वाचन पळतं तो संदर्भावरून उडी मारतो. ज्याचं चालतं तो प्रत्येक ठिकाणी थांबतो.

ठरलं ते असं: श्रुतलेखनात त्याला दोन खुणा. एक 'बरोबर लिहिलं' आणि एक 'बरोबर ऐकलं'. बाईंच्या वर्गात अडतीस मुलं आहेत, तरी कबूल झाल्या. आजच्याच वहीला लावून बघितलं: चार आणि चौदा.

१४ ऑक्टोबर

लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून वाचायच्या खिडक्या कापल्या, ओळीवर सरकवायच्या. ओळ सुटत नाही आणि पान भरलेलं दिसत नाही. मोगरा तिची खिडकी उलटसुलट बघत होती. "बाई, इथं रफार श वर आहे. चुकलंय ना?"

'शुभार्शिवाद'. छापील, सोनेरी अक्षरांत. हे कार्ड निदान पाचशे घरांत गेलं असणार. रफार हीसुद्धा वेलांटीसारखीच खोडी: 'र' आधी म्हणायचा आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायचा. 'आशीर्वाद' चुकवणाऱ्यांना डिस्लेक्सिक म्हणायचं तर तालुक्यातले निम्मे फ्लेक्स अक्षमतेच्या दाखल्याला पाठवावे लागतील. मोगराला मात्र तो दिसला, कारण ती प्रत्येक अक्षरापाशी थांबते.

तिला बक्षीस म्हणून 'दर्या' आणि 'दऱ्या' दिलं. एक समुद्र, एक डोंगरातल्या खोल जागा. तो चंद्रकोरीसारखा अर्धा र बघून म्हणाली, "हा भुवईसारखा आहे." आता आमच्याकडं त्याला भुवईच म्हणतात.

२३ ऑक्टोबर

सत्र परीक्षा संपली. बुलेट २०, मोगरा २९, ढग ५५. ढगला निरोप. दिवाळीनंतर तिची जागा रिकामी.

२५ नोव्हेंबर

मतदानासाठी शाळा ताब्यात होती. खोलीत कुणीतरी मुक्काम केलेला दिसतो. रव्याचं ताट सापडत नाही. त्यात चिवड्याचे शेंगदाणे होते, मग सापडलं.

कारखान्याचं गाळप सुरू झालंय. माळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहिल्या. सरांनी तिथून सात मुलं आणली आणि त्यातला एक सरळ माझ्याकडं पाठवला. नऊ वर्षांचा, बीडकडचा, तांड्यावरचा. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतो. वहीतलं नाव विचारल्याबरोबर, "ट्रॅक्टर."

शेळीचा उतारा: ९ शब्द.

कागदावर हा हुबेहूब जुलैतला बुलेट आहे. फरक कागदावर येत नाही. दर वर्षी दिवाळी ते होळी याची शाळा बंद पडते. घरची भाषा दुसरी. 'पाणी'ला 'पानी' म्हणतो, ती बोलीची सवय, वाचनाची चूक नाही, मी ती मोजत नाही. आत्ताच 'अध्ययन अक्षम' लिहिलं तर तो शिक्का घेऊन तो मार्चमध्ये निघून जाईल. व्याख्येतच आहे की शिकायची संधी न मिळाल्यामुळं राहिलेलं मागेपण यात धरायचं नाही. मग एकच मार्ग: दोघांना तेच, तितकंच शिकवायचं आणि बघायचं.

१३ डिसेंबर

बुलेटचे वडील आले. हात पुसत पुसत, दारातच उभे. बसायला पोतं दिलं.

मी सांगितलं: पोरगं हुशार आहे, वाचनाचा वेग कमी आहे, आळस नाही. दाखल्याचंही सांगितलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ही अक्षमता आहे. आठ वर्षं पूर्ण झाल्यावर तपासणी होते, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा. पुढं बोर्डाला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो.

"मॅडम, पोरगं हुशार हाय ते मला म्हाईत हाय. इंजिन खोलतंय माझ्यासंगं. पर दिव्यांगाचा दाखला नको ओ. पावणेरावळे काय म्हणतील?"

मी जोर केला नाही. तिसरीत दाखल्यानं काही अडत नाही, शिकवणं अडता कामा नये. सातवीपर्यंत विचार करा म्हटलं. उठता उठता ते म्हणाले, मला पण बोर्ड वाचायला टाइम लागतो, म्हणून पार्टांची खोकी मी रंगावरनं ओळखतो. मग लगेच, "ते लिहू नका."

(लिहिलंय. पण नाव नाही.)

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

सहा आठवडे झाले. तोच वेळ, तेच खेळ, तीच खिडकी, तोच उतारा चार-चार वेळा वाचणं.

ट्रॅक्टर: ९ वरून ४१.
बुलेट: २० वरून २४.

सोबत पटापट नावं घ्यायची चाचणी. आंबा, घर, मासा, चूल, फूल ही पाच चित्रं उलटसुलट करून पन्नास चौकोनांत. वाचायचं काही नाही, फक्त ओळीनं नावं सांगत जायचं. ट्रॅक्टर ४३ सेकंद, आणि मराठी त्याची घरची भाषा नाही. मोगरा ६८. बुलेट ७४. मासा समोर आहे, मासा माहीत आहे, 'मासा' हा शब्द ओठावर यायला अर्धा क्षण जास्त लागतो. एका चित्राला अर्धा क्षण, पानाला किती, धड्याला किती.

जूनमधली यादी करणाऱ्या कुणालाही ट्रॅक्टर आणि बुलेट वेगळे काढता आले नसते, मलाही नाही. शिकवल्यावर वेगळे झाले. हे सरांना तक्ता काढून दाखवलं. ते बराच वेळ बघत होते. "म्हणजे बुलेट मागे पडला?" मी म्हटलं, सर, बुलेट अकरावरून चोवीसवर आलाय, दुपटीपेक्षा जास्त. त्याला रोज पंचवीस मिनिटं लागतात आणि मी तीनच दिवस येते. सरांनी विषय वरच्या खोलीवर नेला.

१५ जानेवारी

तिळगूळ. तिघांच्याही हातांना चिकट, आज लिहिणं नाही, आकडे बोलायचे. बुलेट ३ आणि ६ उलटे लिहितो. आपल्या आकड्यांत हे दोघं एकमेकांचे आरशातले भाऊ, त्यावरूनच तर छत्तीसचा आकडा. त्यात मराठीत 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी, लिहिताना सहा आधी. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस तीन' आणलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं चेष्टा केली, मीही केली होती. आता बुलेटला 'साठ तीन' असं मीच शिकवते, चोरून. मग 'म्हणजेच त्रेसष्ट' म्हणायला लावते.

१२ फेब्रुवारी

मोगराची आई दाखल्यासाठी तयार होती, त्यामुळं तिचं काम पुढं गेलं. जिल्ह्याला तीन खेपा. पहिल्या खेपेला तपासणारे रजेवर. दुसऱ्या खेपेला कागद अपुरे. तिसऱ्या खेपेला चाचणी झाली, पण वाचायला दिलेला उतारा हिंदीतला. मराठी माध्यमाची मुलगी, हिंदी तिला अजून विषयही नाही. आईचा तीन दिवसांचा रोज बुडाला. मी माझ्याकडच्या मराठी नोंदी, वेळांचे तक्ते, दोन वर्षांच्या वह्यांच्या झेरॉक्स असं सगळं पत्रासोबत पाठवलंय आणि मराठीत फेरतपासणी मागितली आहे. उत्तर नाही.

मोगरा मात्र तिथली गंमत सांगत होती: "बाई, त्या मॅडम माझ्यापेक्षा हळू लिहितात."

२८ फेब्रुवारी

काल मराठी भाषा गौरव दिन. वर्गावर्गात प्रकट वाचन होतं. मी आधीच सांगून ठेवलं होतं: बुलेट आणि मोगराला अचानक उभं करायचं नाही. करायचंच तर उतारा चार दिवस आधी द्या. तिसरीच्या बाईंनी दिला. बुलेटनं सहा ओळी वाचल्या, बोट ठेवून. तिसऱ्या ओळीत अडखळला, तेव्हा कुणी हसलं नाही, कारण ट्रॅक्टर पहिल्या बाकावर मागे तोंड करून बसला होता आणि त्याचा चेहरा मला दिसत नसला तरी वर्गाचा दिसत होता.

१७ मार्च

गाळप संपत आलं. ट्रॅक्टरचं कुटुंब बुधवारी निघणार. शेवटची मोजणी ५८. त्याच्या गावच्या शाळेसाठी पत्र लिहिलं: अक्षमता नाही, शाळा बुडते, एवढंच. उगाच कुणी शेरा मारू नये म्हणून 'एवढंच'खाली रेघ मारली. त्यानं रव्याचं ताट मागितलं. देऊन टाकलं. रवा बुलेटनं आधीच संपवला होता.

२३ एप्रिल, बुधवार

शेवटचा दिवस. मोगरा ४१. पाचवीला दुसऱ्या शाळेत जातेय, तिथल्या वर्गशिक्षकांसाठी एक पान लिहून दिलं: फळ्यावरून उतरवून घ्यायला जास्त वेळ द्या, तोंडी उत्तर चालवा, पाठांतरावर भुलू नका. फेरतपासणीचं उत्तर आजही नाही. जूनमध्ये स्वतः जाणार.

बुलेट ३४. वेलांटी बसली आहे. रफार निम्म्या वेळा. सगळ्यात जास्त वाढ कुठून आली ते गेल्या महिन्यात सापडलं, आणि ते पुस्तकात नव्हतं. पुस्तक जोडाक्षरं शेवटी आणतं, अवघड म्हणून. याच्या तोंडात दिवसभर जोडाक्षरंच: क्लच, ब्रेक, प्लग, स्पार्क, बोल्ट. 'सूर्य' वाचायला अडणारा मुलगा 'कार्बोरेटर' एका दमात वाचतो. शब्द ओळखीचा, तो मनात आधीच तयार उभा असतो.

म्हणून उन्हाळ्याचा अभ्यास गॅरेजमध्ये दिला आहे. फळ्यांवरच्या खोक्यांना मराठी चिठ्ठ्या चिकटवायच्या, रोज दोन, आणि संध्याकाळी वडिलांनी त्या मोठ्यानं वाचायच्या. वडिलांनाही सांगितलं. त्यांनी "बघतो" म्हटलं, पण चिठ्ठ्यांसाठी कागद कापायला बसले.

घरी जाताना गॅरेजवरून गेले. सात चिठ्ठ्या लागल्या होत्या, ठरल्यापेक्षा पाच जास्त. 'कार्बोरेटर'चा रफार बरोबर ब वर. 'सायलेन्सर'चं 'साय्लेन्सर' लिहिलंय. तसंच राहू दिलं.